धूळपाटी, बालचित्रवाणी आणि वडगावचा भोंगा

सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे सुमारे तीन हजार वस्तीचे गाव आहे. वस्ती बहुतेक शेतकऱ्यांची आणि साखर कारखान्यात राबणाऱ्यांची. १५ ऑगस्ट २०२२ रोजी, म्हणजे स्वातंत्र्याला पंचाहत्तर वर्षे पुरी झाली त्या दिवशी, संध्याकाळी सात वाजता या गावात देवळावरचा भोंगा वाजला. आदल्या दिवशीच्या ग्रामसभेत ठरल्याप्रमाणे घरोघरचे दूरदर्शन संच बंद झाले, मोबाइल बाजूला ठेवले गेले आणि मुले पुस्तके घेऊन बसली. साडेआठ वाजता भोंगा पुन्हा वाजला, तेव्हा ज्याला हवा त्याने आपला संच सुरू केला. पुढे या नियमाची बातमी पार परदेशापर्यंत गेली. कौतुक झाले, छायाचित्रे निघाली.

कौतुकाचा भर ओसरल्यावर आमच्या मनात एक प्रश्न उरला. मुलाच्या अभ्यासाचा दीड तास राखण्यासाठी एका गावाला भोंगा वाजवावा लागतो, हा प्रसंग आपल्या शिक्षणाच्या इतिहासात आला कसा? पाटी आली, पुस्तक आले, रेडिओ आला, दूरदर्शन आले. त्यांपैकी प्रत्येकाला नावे ठेवणारे लोक निघाले असतीलच. परंतु त्यांच्यासाठी गावाला भोंगा लागला नव्हता. मग स्मार्टफोनातच असे काय आहे?

या विषयावर सध्या जो वाद चालतो, त्यात दोन्ही पक्ष एक गोष्ट गृहीत धरून चालतात. ती अशी, की फोन हा शाळेवर बाहेरून चालून आलेला पदार्थ आहे. आता त्याला आत घ्यावयाचे की वेशीबाहेर ठेवावयाचे, एवढेच ठरवणे बाकी आहे. इतिहास पाहू जाता ही समजूत अर्धीच खरी ठरते. फोन शाळेबाहेर जन्मला हे खरे. पण आपल्याकडे त्याला मुलाच्या हाती देण्यात शाळेचा, सरकारचा आणि आपणां सर्व वडीलधाऱ्यांचा हात होता. तो हात कसा लागला, हे आधी पाहू, म्हणजे वडगावच्या भोंग्याचा अर्थ नीट ध्यानी येईल.

आपल्याकडच्या जुन्या पंतोजींच्या शाळेतले पहिले साधन म्हणजे धूळपाटी. फळीवर बारीक धूळ पसरावी, तीत बोटाने किंवा काडीने अक्षर काढावे, ते साधले की हात फिरवून पुसावे आणि पुन्हा काढावे. पुढे दगडी पाटी आली. कागद आणि बोरू हाती येण्यास मुलाला बराच धीर धरावा लागे. या साधनाचे गुण तीन. ते एकच काम करी. ते पंतोजींच्या डोळ्यांसमोर असे. आणि काम संपले की ते गप्प बसे. धूळपाटीने कोणाही मुलाला जेवणाच्या ताटावरून उठवले नाही.

शाळेबाहेरचा अभ्यास तेव्हा नव्हता असे मात्र नाही. तो होता, आणि त्याची वेळही ठरलेली होती. दिवेलागणीला हातपाय धुऊन, देवापुढे दिवा लागला की, घरातली मुले परवचा म्हणावयास बसत. पाढे, पावकी, निमकी, श्लोक असा तो क्रम असे. आजोबा ओसरीवर बसून चुकलेला आकडा जागच्या जागी दुरुस्त करीत. आतून आजीचा आवाज श्लोकात मिसळे. परवचेत ज्ञान किती आणि घोकंपट्टी किती, हा प्रश्न वेगळा. तीही बहुतेक ज्यांच्या घरी अक्षर पोचले होते त्यांचीच, आणि त्यातही मुलांची. मुलींना व इतर कितीएक जातींना तो दिवा दिसलाच नाही, हे विसरून जुन्या काळाचे गोडवे गाणे आम्हांस मंजूर नाही. आम्हांस येथे एवढेच सांगावयाचे आहे, की ती वेळ मुलाची एकट्याची नव्हती. सगळे घर त्या वेळेत सामील असे.

१८२२ साली मुंबईत एल्फिन्स्टनच्या आश्रयाने शालेय पुस्तके करविणारी मंडळी उभी राहिली आणि कॅप्टन जॉर्ज जर्विस यांच्या देखरेखीखाली गणितादी विषयांची मराठी पुस्तके छापून निघू लागली. छापील पुस्तक ही त्या काळची मोठीच क्रांती. पंतोजींच्या तोंडी असलेली विद्या आता त्यांच्यावाचूनही वाचता येऊ लागली. परंतु पुस्तकालाही शेवटचे पान असते. १९६७ साली बालभारती स्थापन झाली आणि राज्यभरच्या मुलांच्या हाती एकसारखे पुस्तक पडू लागले, तेव्हाही मूल पुस्तक कोठे उघडेल आणि कोठे मिटेल हे शिक्षकाला ठाऊक असे.

त्यानंतर पडदा आला. इन्सॅट उपग्रहाच्या योजनेतून १९८४ साली पुण्यात बालचित्रवाणी ही संस्था निघाली आणि शालेय मुलांसाठी मराठी कार्यक्रम तयार होऊ लागले. आज चाळिशीच्या पुढे गेलेल्या कितीएकांना ते कार्यक्रम आठवत असतील. ज्या शाळेत संच होता, तेथे तो मुख्याध्यापकांच्या खोलीत कपाटबंद असावयाचा. वीज असली तर लागावयाचा, नसली तर सारा वर्ग मुकाट परत फिरावयाचा. साधन तोकडे होते, त्याचा लाभ थोड्यांनाच झाला, हे कबूल केले पाहिजे. परंतु एका पडद्यापुढे चाळीस मुले बसत, हसू आले तर चाळीसजण एकदम हसत, आणि ठरल्या वेळी कार्यक्रम संपे. संपल्यावर पडद्याकडे पाहण्यासारखे काही उरत नसे. ही बालचित्रवाणी २०१७ साली बंद पडली. ते साल ध्यानात ठेवावे. त्याचे कारण पुढे येईलच.

आता फोनाकडे वळू. भारतातले पहिले मोबाइल संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. कलकत्त्याहून ज्योती बसू दिल्लीच्या सुखराम यांच्याशी बोलले. एक मुख्यमंत्री, दुसरे केंद्रीय मंत्री; म्हणजे साधन थोरामोठ्यांचे, आणि काम बोलण्याचे. २००७ साली आयफोन निघाला, पुढच्याच वर्षी अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोन बाजारात आला, आणि बोलण्याच्या यंत्राचा पाहण्याचा पडदा झाला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि हा पडदा चालविण्याचा खर्च एकाएकी इतका खाली आला, की शेतमजुराच्या खिशालाही तो झेपू लागला. या सगळ्या वाटचालीत शाळेचा विचार कोणी केला नव्हता. शाळेला तो करावा लागला तो निराळ्या अंगाने: २००९ साली केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने परिपत्रक काढून आपल्या शाळांत मोबाइलवर निर्बंध घालण्यास सांगितले. म्हणजे शाळेचा पहिला शब्द 'नको' हा होता.

तो 'नको' पुढे 'हवा' कसा झाला, याची कथा सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीपासून सांगावी लागते. तेथील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत रणजितसिंह डिसले या शिक्षकाने पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली. चौकटीवर फोन धरला की कविता ऐकू यावी, धडा दिसावा, आणि ज्या मुलांची घरची भाषा कानडी त्यांना पाठ त्यांच्या बोलीतून कळावा. २०२० च्या डिसेंबरात त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि दहा लाख डॉलरांपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. हा प्रयोग खोटा किंवा दिखाऊ होता, असे म्हणण्यास आम्ही तयार नाही. चौकटीमागे काय आहे हे तेथील शिक्षकाला ठाऊक होते, कारण ते त्यानेच ठेवले होते. साधन शिक्षकाच्या हाती असले म्हणजे ते काय करू शकते, याचा तो उत्तम दाखला होय.

२०१७ साली महाराष्ट्राने सर्व इयत्तांच्या पुस्तकांत असे कोड छापण्याचे जाहीर केले. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला केंद्र सरकारचा 'दीक्षा' हा मंच सुरू झाला. आणि त्याच वर्षी बालचित्रवाणी बंद पडली. चाळीस मुलांचा एक पडदा मिटला आणि एकेका मुलाचा एकेक पडदा उघडण्याची तयारी झाली. हे कोणी कटाने केले नाही. परंतु दोन्ही गोष्टी एका वर्षी घडल्या, आणि आपल्यापैकी फारच थोड्यांच्या ते लक्षात आले. पुस्तकाच्या कोपऱ्यातील ती काळीपांढरी चौकट म्हणजे पुस्तकाला पडलेले दार होते. परितेवाडीत त्या दारापलीकडे शिक्षक उभा होता. इतरत्र मूल फोन हाती घेई तो कोडासाठी. पण त्याच फोनात कोडापलीकडे सारा बाजार भरलेला होता.

मग मार्च २०२० उजाडला. महामारीने शाळा बंद झाल्या आणि शिक्षणाचा सारा भार एका रात्रीत फोनावर आला. काल ज्या हातातून आपण फोन काढून घेत होतो, त्याच हातात तो कोंबून 'तास चुकवू नकोस' असे आपण म्हणू लागलो. आम्ही स्वतः त्या म्हणणाऱ्यांत होतो. दुसरा मार्ग दिसत नव्हता, हे खरे. पण म्हणून केलेली गोष्ट न केलेली होत नाही.

'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीचे आकडे या उलथापालथीची साक्ष देतात. २०१८ साली शाळेत नाव असलेल्या ग्रामीण मुलांपैकी ३६.५ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०२० साली हे प्रमाण ६१.८ टक्क्यांवर गेले, २०२१ साली ६७.६ टक्क्यांवर. दोन-तीन वर्षांतली ही वाढ चैनीची म्हणता येणार नाही. कोणी शेळी विकली असेल, कोणी उचल घेतली असेल. पोराची शाळा बुडू नये म्हणून फोन घेतला गेला. आणि घेऊनही सर्वांना तो मिळाला नाही. २०२१ च्या पाहणीत, घरी स्मार्टफोन असलेल्या मुलांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक, २६.१ टक्के, मुलांना तो वापरावयास मिळतच नव्हता. बाप फोन खिशात घालून कामावर जाई, आणि शाळा बापाबरोबर निघून जाई.

महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२१ पासून वरच्या आणि डिसेंबरापासून खालच्या इयत्तांचे वर्ग व्यापक प्रमाणावर पुन्हा भरू लागले. मुले परत आली. पण ती पूर्वीची राहिली नव्हती. देशभरच्या ग्रामीण भागात तिसरीतल्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी २०१८ साली २७.३ टक्के होती, ती २०२२ साली २०.५ टक्के उरली. हा दोष शाळा बंद राहिल्याचा. तो फोनाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. परंतु शाळा उघडली तेव्हा फोन मात्र परत गेला नाही. त्याला परत जावयास कोणी सांगितलेच नव्हते. 'असर'च्या २०२४ च्या पाहणीत १४ ते १६ वर्षांच्या मुलांपैकी ८२.२ टक्के मुले स्मार्टफोन वापरू जाणत होती. त्यांपैकी आदल्या आठवड्यात अभ्यासाच्या कामासाठी तो वापरलेली ५७ टक्के, तर समाजमाध्यमांसाठी वापरलेली ७६ टक्के. अभ्यासासाठी घरात आलेल्या पाहुण्याने ओसरी केव्हाच ओलांडली होती.

या साधनाचा मुलांवर परिणाम काय होतो? येथे उतावीळपणे बोलू नये. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम, लंडन, लेस्टर आणि मँचेस्टर येथील ९१ शाळांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. फोनबंदीनंतर परीक्षेतील गुण वाढले, आणि वाढ मुख्यतः अभ्यासात मागे असलेल्या मुलांची झाली. हुशार मुलांना फरक पडला नाही, असे त्यात दिसले. स्वीडनमध्ये तशाच पद्धतीने पाहिले, तेव्हा फरक आढळला नाही. युनेस्कोच्या २०२३ च्या अहवालात म्हटले आहे, की एकदा उडालेले लक्ष पुन्हा अभ्यासावर बसण्यास वीस मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो. आमच्याकडचा तास पस्तीस-चाळीस मिनिटांचा, तेव्हा हिशेब ज्याचा त्याने करावा. पुस्तकाला शेवटचे पान होते, बालचित्रवाणीच्या कार्यक्रमाला शेवट होता. या पडद्यावर मात्र एक चित्र सरते न सरते तोच दुसरे पुढे येते. शेवट येऊ नये, अशीच त्याची रचना आहे. मोठी माणसेही जेथे थांबू शकत नाहीत, तेथे बारा वर्षांच्या मुलाने आपण होऊन थांबावे, ही अपेक्षा आम्हांस अन्यायाची वाटते.

राज्यकर्त्यांनाही हे जाणवले. फ्रान्सने २०१८ साली कायदा करून शाळांत पंधराव्या वर्षापर्यंतच्या मुलांना फोन वापरण्यास मनाई केली. नेदरलँड्सने जानेवारी २०२४ पासून माध्यमिक शाळांच्या वर्गांतून तो हद्दपार केला. ब्राझीलने जानेवारी २०२५ मध्ये कायदा केला. युनेस्कोच्या गणनेप्रमाणे २०२४ अखेर ७९ शिक्षणव्यवस्थांत अशी बंदी होती. आपल्याकडे दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ साली असा निर्णय दिला, की सरसकट बंदी इष्टही नाही आणि पाळता येण्याजोगीही नाही. फोन जमा करून घ्यावा, वर्गात तो वापरू देऊ नये, आणि मुलांना त्याच्या वापराचे वळण लावावे.

हे सर्व योग्यच आहे. परंतु हे सर्व नियम शाळेच्या फाटकापाशी संपतात. बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी तीस शाळा पाहून २०२५ साली जो निष्कर्ष मांडला, तो येथे महत्त्वाचा आहे. कडक नियमांच्या आणि सैल नियमांच्या शाळांतील मुलांच्या मनःस्वास्थ्यात त्यांना फरक दिसला नाही. दिवसाचा एकूण फोनवापरही कडक शाळांत कमी आढळला नाही. फोन जास्त वापरणाऱ्या मुलांचे स्वास्थ्य मात्र बिघडलेले दिसले. तेव्हा शाळेतले सहा तास राखणे आवश्यक आहे. पण मूल हातातून सुटते ते संध्याकाळी, घरी.

आणि येथेच वडगाव पुन्हा पुढे येते. सरपंच विजय मोहिते यांनी हा विचार प्रथम मांडला तेव्हा गावातल्या पुरुषांनी तो हसण्यावारी नेला. मग ग्रामपंचायतीने बायकांना बोलावले. त्या बायकांनी काय केले? मुलांची गाऱ्हाणी सांगत बसण्याऐवजी, आपणच मालिका फार पाहतो असे त्यांनी सर्वांसमक्ष कबूल केले, आणि बंद ठेवायचे तर साऱ्या गावाने ठेवावे, असा कौल दिला. त्यानंतरच भोंग्याचा ठराव झाला. सुरुवातीच्या दिवसांत गावचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघर फिरून लोकांना समजावीत होते.

आमच्या मते या कथेचे सारे मर्म त्या कबुलीत आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यातील बांशी गावाने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइल वापरण्यास मनाई करणारा ठराव केला. हेतू तोच, काळजीही तितकीच खरी. पण फरक पाहावा. बांशीने मुलावर बंदी घातली. वडगावने वेळेवर घातली, आणि ती वेळ लहानथोर सर्वांना सारखी लागू केली. पहिल्या नियमात मोठे पहारेकरी होतात, दुसऱ्यात ते सोबती होतात. मूल सांगितलेले विसरते, पाहिलेले विसरत नाही.

हा मुलूख जुन्या सातारा जिल्ह्याचा. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने याच भागातल्या गावांत लोकन्यायालये चालविली, दारूबंदी केली, कमी खर्चाची लग्ने लावली. गावाने एकत्र बसून स्वतःवर नियम घालावा आणि तो पाळावा, ही गोष्ट या मातीला नवी नाही. तरीही वडगावचा कित्ता जसाच्या तसा गिरवता येईल असा आमचा दावा नाही. तीन हजारांच्या गावात एक भोंगा सर्वांना ऐकू जातो. शहरातल्या दहा मजली इमारतीत शेजारचा दरवाजा कोणाचा हेही ठाऊक नसते. तेथे भोंगा कोणी वाजवावा आणि कोणी ऐकावा? शिवाय रात्रपाळीच्या कामगाराची सात वाजताची वेळ कामावर निघण्याची असते. नियम ज्याचा त्याने, आपल्या घराच्या मापाने, बेतला पाहिजे.

परंतु बेतण्याचे सूत्र एकच आहे, आणि ते नवेही नाही. दिवेलागणीची परवचा जेथे होती, तेथे ती सगळ्या घराची होती. ज्यांना तो दिवा कधी मिळाला नव्हता त्यांच्या लेकीबाळी आज शाळेत जातात. वडगावच्या दीड तासात मुलींचाही अभ्यास झाला. म्हणजे जुनी वेळ परत आली ती अधिक रुंद होऊन. इतिहासाचा हा लाभ लहान म्हणता येणार नाही.

शेवटी एक कबुली आम्हांसही दिली पाहिजे. हे विवेचन चालू असताना सभामंडपात दोनदा घंटी वाजली, आणि प्रत्येक वेळी आमचा स्वतःचा हात नकळत खिशाकडे गेला. मुलांना दोष देण्यापूर्वी तो हात आपण पाहिला पाहिजे. दोन वर्षे आपण मुलांना सांगितले, की शाळा या फोनात आहे. शाळा आता पुन्हा इमारतीत आली आहे, हे त्यांना सांगण्याचे काम अजून उरले आहे. आणि ते नुसत्या तोंडाने सांगून भागणार नाही. आज घरी गेल्यावर तासभर आपला फोन दुसऱ्या खोलीत ठेवून मुलाशेजारी बसावे. पहिले काही दिवस दोघांनाही जड जाईल. वडगावलाही गेलेच असेल.